जोडनगरांची मैत्री आणि तिची साधने : लुडविग्सबुर्ग व मोंबेलियार

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पश्चिम युरोपचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी प्रायः तह, परिषदा आणि मंत्र्यांच्या भेटीगाठी यांवर खिळलेली असते. हे स्वाभाविकही आहे. परराष्ट्र खात्यांची दप्तरे व्यवस्थित राखलेली असतात, ती ठरावीक मुदतीनंतर अभ्यासकांस खुली होतात आणि त्यांची भाषा इतिहासकाराच्या अंगवळणी पडलेली असते. परंतु फ्रान्स व जर्मनी यांच्यामधील वैर ज्या क्रमाने ओसरले त्याचा एक मोठा भाग या दप्तरांत सापडत नाही. तो नगरपालिकांच्या पत्रव्यवहारात, गायनमंडळांच्या जमाखर्चाच्या वह्यांत, शाळांच्या सहलींच्या याद्यांत आणि सामान्य कुटुंबांच्या पत्रांत विखुरलेला आहे. ‘जोडनगरे’ या नावाने जी चळवळ १९५० नंतर त्या दोन देशांत पसरली तिचा विचार प्रस्तुत लेखात एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. लेखापुढे दोन प्रश्न आहेत. शत्रुत्वाची आठवण ताजी असताना दोन गावांतील माणसे एकमेकांच्या घरी उतरू लागली ती कशी, हा पहिला. ही मैत्री वाढत असताना युद्धकाळातील गुन्ह्यांचा हिशेब कोठे राहिला, हा दुसरा. या चळवळीविषयी जे गौरवपर लेखन झाले आहे त्यात दुसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. परंतु त्यावाचून पहिल्याचे उत्तर अपुरे राहते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. फ्रेंच भाषेत या संबंधास ‘झ्युमलाज’ म्हणतात. त्याचा धात्वर्थ जुळे करणे असा आहे. इंग्लंडात त्याच अर्थाचा शब्द रूढ झाला. अमेरिकेत १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी जनता-जनता संबंधांची मोहीम सुरू केली तेव्हा ‘सिस्टर सिटी’ हे नाव पुढे आले आणि आपल्याकडील वृत्तपत्रांनी त्याचेच ‘भगिनी-शहर’ असे मराठी केले. जर्मनांनी मात्र बहुधा ‘पार्टनरशाफ्ट’ म्हणजे भागीदारी हा कोरडा शब्द पसंत केला. जुळी भावंडे जन्मतःच जुळी असतात. भागीदारी माणसे ठरवून करतात. पुढील विवेचन वाचल्यावर जर्मन शब्द वस्तुस्थितीस अधिक धरून आहे असे वाचकांस वाटण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखात ‘जोडनगरे’ हा शब्द योजला आहे, कारण जोडण्याची क्रिया त्यात स्पष्ट दिसते.

मोंबेलियार हे पूर्व फ्रान्समधील दू परगण्यातील, स्वित्झर्लंडच्या सरहद्दीजवळचे गाव. लुडविग्सबुर्ग हे जर्मनीत श्टुटगार्टच्या उत्तरेस काही मैलांवर वसलेले, आपल्या विस्तीर्ण राजवाड्यासाठी प्रसिद्ध असलेले गाव. या दोहोंचे नाते १९५० साली जुळले आणि महायुद्धोत्तर काळातील फ्रान्स-जर्मनीमधील पहिली जोडनगरे असा त्यांचा उल्लेख केला जातो. हे नाते सांगताना दोन्हीकडील लेखक एका जुन्या संबंधाचा आवर्जून निर्देश करतात. १३९७ साली मोंबेलियारची वारस कन्या आंरिएत हिचा वाङ्निश्चय व्युर्टेम्बर्गच्या घराण्यातील एबरहार्टशी झाला आणि त्या विवाहसंबंधाने हा फ्रेंचभाषी मुलूख जर्मन घराण्याकडे गेला. तो १७९३ साली फ्रेंच प्रजासत्ताकाने जोडून घेईपर्यंत, म्हणजे सुमारे चार शतके, त्या घराण्याकडे होता. जर्मन त्यास म्यॉम्पेलगार्ट म्हणत. त्या काळाच्या खुणा आजही दिसतात. फ्रान्ससारख्या बहुसंख्य कॅथलिक देशात या मुलुखावर ल्यूथरपंथाचा ठसा उमटला. तेथील सेंट मार्टिनचे मंदिर सतराव्या शतकाच्या आरंभी हाइन्रिख शिकहार्ट या व्युर्टेम्बर्गच्याच स्थपतीने बांधले. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए १७६९ साली मोंबेलियार येथे जन्मला आणि शिक्षणासाठी गेला तो पॅरिसला नव्हे, श्टुटगार्टच्या ड्यूकने स्थापिलेल्या विद्यालयात.

हा पूर्वसंबंध खरा आहे. तथापि त्याच्या आधारे जे अनुमान काढले जाते ते तपासून घेतले पाहिजे. लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याचे काम १७०४ साली सुरू झाले आणि गाव त्यानंतर वसले. म्हणजे आंरिएतच्या वाङ्निश्चयानंतर तीनशे वर्षेपर्यंत लुडविग्सबुर्ग नावाचे नगर अस्तित्वातच नव्हते. शिवाय मोंबेलियारवर दीर्घकाळ घराण्याच्या धाकट्या पातीचे राज्य होते. ती पाती १७२३ साली खुंटल्यावर तो मुलूख मूळ घराण्याकडे आला. तेव्हा दोन नगरांच्या प्रत्यक्ष राजकीय संबंधाचा काळ मोजावयाचा तर तो फार तर सत्तर वर्षांचा भरतो, आणि त्यानंतर दीडशतकाहून अधिक काळ त्या संबंधाने कोणाचेच काही बांधले गेले नव्हते. त्या दीडशतकात फ्रान्स व जर्मनी यांच्यात १८७०, १९१४ आणि १९३९ अशी तीन युद्धे सुरू झाली. एखाद्या प्रदेशावर पूर्वी आपल्या घराण्याचे राज्य होते, या युक्तिवादाचा उपयोग मैत्रीसाठी होतो तसाच आक्रमणासाठीही होऊ शकतो. १९५० साली या वंशावळीने एवढेच साधले की बोलण्यास एक निरुपद्रवी विषय मिळाला. समोरासमोर बसलेल्या माणसांस ज्या विषयावर बोलणे अशक्य होते तो अवघ्या सहा वर्षांपूर्वीचा होता. त्याऐवजी त्यांनी सहाशे वर्षांपूर्वीचा विषय काढला. व्यवहारदृष्ट्या ते शहाणपणाचे होते; परंतु इतिहासकाराने त्यास कारण समजू नये.

मोंबेलियारचा मुलूख जून १९४० पासून नोव्हेंबर १९४४ पर्यंत जर्मन फौजांच्या ताब्यात होता. गावास लागून सोशो येथे प्यूजो कंपनीचा मोटारींचा मोठा कारखाना आहे. जर्मनांनी तो आपल्या युद्धोत्पादनास जुंपला. जुलै १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी त्यावर बाँबहल्ला केला तेव्हा बाँब वस्तीवर पडून शंभराहून अधिक नागरिक मेले. त्यानंतर प्रतिकार चळवळीतील लोकांनी कारखान्यातच घातपात घडवून उत्पादन रोखण्याचा मार्ग धरला. याच चळवळीतील एक गृहस्थ ल्यूसियाँ तारादाँ. जर्मनांनी त्यांस पकडून बूखेनवाल्डच्या छळछावणीत पाठविले. तेथून ते जिवंत परतले, मोंबेलियारचे नगराध्यक्ष झाले, सेनेटवर निवडून गेले आणि लुडविग्सबुर्गशी संबंध जोडण्यात त्यांनी पुढाकार घेतला. लुडविग्सबुर्गचे तत्कालीन नगराध्यक्ष एल्मार डॉख हे त्यांचे समकार्यकर्ते.

या दोघांची गाठ योगायोगाने पडली नव्हती. १९४८ साली काही स्विस विचारवंतांच्या, विशेषतः हान्स त्स्बिंडेन व ऑइगेन व्हिलर यांच्या प्रयत्नाने फ्रेंच व जर्मन नगराध्यक्षांची एक बैठक जिनीव्हा सरोवराकाठी माँ पेलरँ येथे भरली आणि तीतून नगराध्यक्षांचा एक आंतरराष्ट्रीय संघ उभा राहिला. तटस्थ भूमी, तटस्थ यजमान आणि पाहुण्यांत एकही मंत्री नाही अशी ही योजना होती. त्याच वर्षी लुडविग्सबुर्ग येथे जर्मन-फ्रेंच संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत कार्लो श्मिड, फ्रित्स शेंक आणि पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले थेओडोर हॉइस हे होते. लुडविग्सबुर्ग अमेरिकन अंमलाखालील विभागात होते, बाँबहल्ल्यांतून ते बरेचसे बचावले होते आणि परदेशी पाहुण्यास उतरवून घेण्याजोगी घरे तेथे शिल्लक होती. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु बेचिराख झालेल्या गावात दुसऱ्याला राहावयास कोण बोलावणार?

येथे एका कालक्रमाकडे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. १९४९ साली जन्मास आलेल्या पश्चिम जर्मन संघराज्यास स्वतःचे परराष्ट्र खाते नव्हते. व्यापक निर्बंधांखाली त्याचे परराष्ट्रसंबंध दोस्त राष्ट्रांच्या उच्चायुक्तांच्या हाती होते. ते खाते मार्च १९५१ मध्ये पुन्हा स्थापन झाले. म्हणजे लुडविग्सबुर्ग व मोंबेलियार यांचा संबंध जुळला तेव्हा जर्मन राज्यसंस्थेला अधिकृतपणे परराष्ट्र व्यवहार करण्याची पूर्ण मुभाच नव्हती. नगरपालिकेने मात्र तो सुरू केला होता. कोळसा व पोलाद यांचे उत्पादन एका संयुक्त अधिकाराखाली आणण्याची शुमान यांची घोषणा त्याच १९५० सालच्या ९ मेची आहे. पॅरिसमधील धोरण आणि मोंबेलियारमधील प्रयत्न एकाच वर्षात पडतात खरे. पण दुसरे पहिल्यामुळे झाले असे मात्र म्हणता येत नाही, कारण माँ पेलरँची बैठक त्याआधी दोन वर्षे होऊन गेली होती.

आता या भेटी प्रत्यक्षात कशा चालत ते पाहू. नगराध्यक्षांनी एकमेकांच्या नगरभवनात भाषणे केली, ध्वज फडकले, मद्याचे पेले उंचावले. हे सर्व वृत्तपत्रांत सविस्तर येते आणि पहिल्या दिवसाच्या संध्याकाळी संपते. खरा कार्यभाग त्यानंतर सुरू होई, आणि तो नगरपालिकेपेक्षा हौशी नागरिकांच्या मंडळाकडे असे. एक अध्यक्ष, एक चिटणीस, एक खजिनदार, थोडी वार्षिक वर्गणी आणि यजमान कुटुंबांची एक यादी, एवढाच या मंडळांचा संसार. पाहुण्यांचा प्रवासखर्च पाहुण्यांनी सोसावा, राहणे-जेवण यजमानाने पाहावे आणि पुढील वर्षी भूमिका बदलाव्या, असा सर्वसाधारण शिरस्ता पडला. यामुळे खर्च आवाक्यात राहिला आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे परतभेटीचे ऋण निर्माण झाले. ज्याच्या घरी आपण चार दिवस जेवलो त्यास पुढल्या वर्षी आपल्या घरी न बोलावणे ही गोष्ट कोणत्याही देशात अशोभनीयच. कोणाकडे कोणास उतरवावे हे ठरविण्याचे काम चिटणिसाचे असे. वय, व्यवसाय, घरातील मुले आणि भाषेचे ज्ञान पाहून तो जोड्या लावी. हे आपल्याकडील सोयरीक जुळविणाऱ्या मध्यस्थाच्या कामासारखेच होय, आणि त्यात जमणे-न जमणे याचे प्रमाणही तसेच असावे.

भाषेची अडचण मोठी होती. परंतु तिच्यावर जो उपाय सापडला तो या इतिहासातील सर्वांत विलक्षण भाग आहे. १९४० च्या पराभवात सुमारे अठरा लाख फ्रेंच सैनिक जर्मनांचे कैदी झाले. त्यांपैकी लक्षावधी लोकांनी पुढील पाच वर्षे जर्मन शेतांवर आणि कारखान्यांत काम केले. फेब्रुवारी १९४३ च्या कायद्याने सक्तीच्या श्रमसेवेसाठी तरुण फ्रेंच कामगारांस जर्मनीत धाडण्यात आले. आधीच्या सक्तीच्या भरतीसह त्यांची संख्या सहा लाखांवर जाते. उलट बाजूने लक्षावधी जर्मन युद्धकैदी १९४५ नंतर फ्रान्समध्ये शेतीवर, खाणीत आणि सुरुंग काढण्याच्या कामावर राबत होते. त्यांतील शेवटचे कैदी १९४८ च्या अखेरीस सुटले. म्हणजे ज्या वेळी जोडनगरांच्या भेटी सुरू झाल्या त्या वेळी दोन्ही देशांतील खेड्यापाड्यांत शत्रूची भाषा मोडकीतोडकी का होईना बोलणारी हजारो माणसे होती, आणि ती त्यांनी शाळेत शिकलेली नव्हती. गोठ्यात आणि कारखान्यात, वेठबिगारीत शिकलेली ती भाषा होती. कित्येक गावांचे संबंध अशाच माजी कैद्यांच्या ओळखीतून जुळले. ज्या शेतकऱ्याकडे आपण कैदी म्हणून राबलो त्यास पाहुणा म्हणून भेटावयास जाणारा मनुष्य मनात काय घेऊन जात असेल याचे एकच उत्तर नाही. काहींस तेथे माणुसकीची वागणूक मिळाली होती. काहींस आपण आता बरोबरीच्या नात्याने त्या उंबऱ्यावर उभे आहोत हे दाखवावयाचे होते. काही केवळ तारुण्याची वर्षे जेथे गेली ते ठिकाण पुन्हा पाहू इच्छीत होते. समेट या एका शब्दात हे सर्व कोंबणे बरोबर नाही.

खेळाडू, गायक, बिगुलवादक, अग्निशामक दलाचे स्वयंसेवक आणि शाळकरी मुले यांचा या भेटींत मोठा भरणा असे. बोलण्यावाचून जे एकत्र करता येते ते आधी केले गेले, हे सहज लक्षात येईल. मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. युद्धानंतर शाळेत गेलेल्या मुलास कोणी काही विचारू शकत नव्हते. परंतु ते मूल मात्र यजमानाच्या दिवाणखान्यातील गणवेशातला फोटो पाहून विचारू शकत होते.

हीच रीत फ्रान्स-जर्मनीपुरती नव्हती. इंग्लंडातील रेडिंग येथे १९४६–४७ साली नगराध्यक्षपदी असलेल्या फीबी कस्डेन या बाईंनी, डुसेलडॉर्फमधील उपासमारीची वार्ता ऐकून, १९४७ साली तेथील सहा मुलांस रेडिंगच्या कुटुंबांत राहण्यास आणविले. बर्कशर परगण्याची पलटण त्या वेळी डुसेलडॉर्फ येथे होती, एवढाच दोन गावांमधील पूर्वसंबंध. कस्डेनबाई मूळच्या बालशाळांच्या चळवळीतील. तेव्हा त्यांनी कामाचा आरंभ मुलांपासून केला यात आश्चर्य नाही. त्यातून जे नागरिकांचे मंडळ उभे राहिले त्याने चार दशके भेटी चालविल्या. आणि दोन नगरपालिकांनी जोडनगरांचा औपचारिक करार केला तो १९८८ साली! करारांच्या तारखांवरून या चळवळीचा इतिहास लिहू पाहणारास रेडिंगच्या बाबतीत एक्केचाळीस वर्षे मागे जावे लागेल. याच्या उलट कॉव्हेंट्रीचे उदाहरण आहे. त्या गावाने युद्ध चालू असतानाच, १९४४ साली, स्टालिनग्राडशी नाते जोडले. कॉव्हेंट्रीच्या आठशेहून अधिक स्त्रियांची नावे भरतकामात काढलेले एक मेजावरील आच्छादन तेथे पाठविण्यात आले होते. तो दोस्तांमधील बंधुभाव होता. शत्रूशी समेट नव्हे. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ साली कॉव्हेंट्रीने व्होल्गोग्राडशी असलेले हे नाते स्थगित केले.

शीतयुद्धाच्या काळात जोडनगरांच्या चळवळीस राजकीय रंग चढला, तो येथे थोडक्यातच सांगतो. १९५१ साली जिनीव्हा येथे स्थापन झालेली युरोपीय नगरपालिकांची परिषद पश्चिम युरोपच्या एकीकरणाचा पुरस्कार करीत होती. १९५७ साली एक्स-ले-बँ येथे जोडनगरांचा जो जागतिक संघ स्थापन झाला तो पूर्व युरोपातील नगरांशीही संबंध जोडू इच्छीत होता. फ्रान्समधील साम्यवादी बहुमताच्या नगरपालिकांनी पूर्व जर्मनीतील नगरांशी करार केले आणि पश्चिम जर्मन सरकारने त्यांस हरकत घेतली. दोन्ही पक्षांस सामान्य माणसांची मैत्री हवी होती, मात्र ती योग्य माणसांशी असावी असा उभयतांचा कटाक्ष होता.

९ सप्टेंबर १९६२ रोजी जनरल द गोल यांनी लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याच्या प्रांगणात जर्मन तरुणांपुढे जर्मन भाषेत भाषण केले. पहिल्या महायुद्धात ते स्वतः जर्मनांचे कैदी होते. एका मोठ्या राष्ट्राची मुले म्हणून त्यांनी त्या तरुणांचे अभिनंदन केले, आणि सतरा वर्षे आपल्या वडिलांच्या कृत्यांखाली मान घालून वाढलेल्या श्रोत्यांवर त्याचा परिणाम झाला तो समजण्यासारखा आहे. त्यानंतर २२ जानेवारी १९६३ रोजी एलिझे राजवाड्यात फ्रान्स-जर्मनीचा करार झाला. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि शिक्षण व युवक ही त्याची तीन अंगे. त्याच वर्षीच्या जुलैत दोन्ही देशांचे संयुक्त युवक कार्यालय स्थापन झाले आणि त्याच्या साहाय्याने आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुणांनी परस्परांच्या देशात भेटी दिल्या आहेत. कराराच्या वेळी फ्रान्स-जर्मनीतील जोडनगरांची संख्या शे-सव्वाशेच्या घरात होती; आज ती दोन हजारांहून अधिक आहे. यावरून करारामुळे मैत्री वाढली असे म्हणतात, आणि आर्थिक साहाय्याच्या दृष्टीने ते यथार्थ आहे. परंतु द गोल यांच्या भाषणासाठी जे गाव निवडले गेले तेथे बारा वर्षांपासून मोंबेलियारची माणसे येऊन राहत होती, हेही लक्षात ठेवावे. कोरीन दफ्रांस यांच्यासारख्या अभ्यासकांनी जोडनगरांचा विषय राजनैतिक इतिहासाच्या चर्चेत आणला आहे, तो याच कारणाने महत्त्वाचा आहे.

येथवरची कथा सुखकर आहे, आणि बहुतेक लेखक ती येथेच थांबवितात. परंतु लुडविग्सबुर्गमध्ये आणखी एक कार्यालय आहे. १ डिसेंबर १९५८ रोजी पश्चिम जर्मनीतील घटकराज्यांच्या न्यायखात्यांनी मिळून नाझी गुन्ह्यांच्या अन्वेषणासाठी एक मध्यवर्ती कार्यालय स्थापन केले, आणि त्याची जागा लुडविग्सबुर्ग ही ठरली. त्याच वर्षी उल्म येथे चाललेल्या खटल्यात लिथुएनियाच्या सरहद्दीवरील कत्तलींचा जो पुरावा बाहेर आला त्यामुळे असे कार्यालय काढणे भाग पडले. एका जुन्या तुरुंगाच्या इमारतीत त्याचे काम चाले, आणि आरंभीच्या काळात गावातील अनेकांस ते नकोसे होते. आपल्या सुंदर राजवाड्याच्या गावाचे नाव असल्या गोष्टीशी जोडले जावे हे त्यांस रुचले नाही. त्याचे पहिले प्रमुख एर्विन श्यूले यांस आपल्या पूर्वीच्या नाझी पक्षसदस्यत्वामुळे १९६६ साली पद सोडावे लागले. आडालबेर्ट र्‍युकर्ल यांच्या काळात त्या कार्यालयाच्या कामास स्थैर्य आले.

मोंबेलियारच्या पाहुण्यांच्या बस ज्या गावात येत त्याच गावात ही दप्तरे साठत होती. परंतु फ्रान्समध्ये घडलेल्या गुन्ह्यांच्या बाबतीत एक विचित्र कायदेशीर पेच होता. १९५५ साली अमलात आलेल्या संक्रमण-करारानुसार, ज्या प्रकरणांचा निकाल दोस्त राष्ट्रांच्या न्यायालयांनी लावला होता ती जर्मन न्यायालयांस पुन्हा चालविता येत नव्हती. जर्मन न्यायाधीश आपल्या लोकांस निर्दोष सोडतील या भीतीने ही तरतूद झाली होती. फ्रेंच न्यायालयांनी अनेक जर्मन अधिकाऱ्यांस त्यांच्या गैरहजेरीत शिक्षा ठोठावल्या होत्या. जर्मन राज्यघटना आपल्या नागरिकास परक्या देशाच्या स्वाधीन करू देत नव्हती. परिणामी फ्रान्समध्ये दोषी ठरलेला मनुष्य जर्मनीत सुखेनैव राहू शकत होता. त्यास फ्रान्स नेऊ शकत नव्हता आणि जर्मनी खटला भरू शकत नव्हता. हा पेच सोडविणारा पूरक करार फेब्रुवारी १९७१ मध्ये झाला, आणि जर्मन संसदेने त्यास मान्यता दिली ती १९७५ साली. म्हणजे एलिझे करारानंतर बारा वर्षे! जोडनगरांची संख्या ज्या काळात झपाट्याने वाढली तो हाच काळ होय.

फ्रान्समधून सुमारे ७६ हजार ज्यूंस मृत्युछावण्यांकडे पाठविण्यात आले होते. त्या कामातील तिघा अधिकाऱ्यांवर, कुर्ट लिश्का, हेर्बर्ट हागेन व एर्न्स्ट हाइन्रिखझोन यांच्यावर, कोलोन येथे ऑक्टोबर १९७९ मध्ये खटला सुरू झाला आणि फेब्रुवारी १९८० मध्ये तिघांसही कारावासाची शिक्षा झाली. सेर्ज व बेआटे क्लार्सफेल्ड या दांपत्याने वर्षानुवर्षे केलेल्या खटपटीवाचून हे घडले नसते. यांतील हाइन्रिखझोन हा बव्हेरियातील ब्यूर्गश्टाट या गावाचा नगराध्यक्ष होता. युद्धोत्तर मैत्रीचा भार ज्या पदाने वाहिला तेच हे पद. एका बाजूस बूखेनवाल्डहून परतलेला नगराध्यक्ष आणि दुसऱ्या बाजूस पॅरिसमधील ज्यू-विभागात काम केलेला नगराध्यक्ष, अशा दोन्ही व्यक्ती त्या काळाच्या इतिहासात आहेत. जोडनगरांच्या स्मरणिकांत मात्र पहिलीच आढळते. खटल्याच्या वेळी, निर्वासित ज्यूंची मुले व नातलग मोठ्या संख्येने फ्रान्सहून कोलोनला आली. फ्रेंच नागरिकांनी जर्मनीस दिलेली हीदेखील एक भेटच होती. फक्त तिचे यजमानपण कोणत्याही मंडळाने घेतलेले नव्हते.

यावरून जोडनगरांची मैत्री खोटी होती असे म्हणावयाचे आहे काय? प्रस्तुत लेखकाचे मत तसे नाही. १९५० साली मोंबेलियारच्या गृहिणीने जर्मन पाहुण्यास वाढण्यापूर्वी तो युद्धात कोठे होता हे विचारले असते, तर बहुधा तो जेवणावर आलाच नसता, आणि पुढील पिढीच्या मुलास प्रश्न विचारण्यासाठी दिवाणखानाही लाभला नसता. मौन ही त्या मैत्रीची किंमत होती. मात्र ती किंमत कोणी दिली याचा शोध घेणे इतिहासकाराचे काम आहे. तारादाँ यांनी हात पुढे केला तो स्वतःच्या यातनांच्या अधिकाराने, आणि तो अधिकार निर्विवाद होता. परंतु ज्यांच्या घरचे कोणीच परत आले नाही त्यांच्या वतीने हात पुढे करण्याचा अधिकार कोणा नगराध्यक्षास नव्हता, आणि त्या मौनाचा अधिक भार त्यांनीच वाहिला. मैत्री आणि न्याय या दोन गोष्टी एकाच गावात, एकाच काळात, परस्परांस फारसे न विचारता चालू होत्या. त्यांपैकी एकीच्या यशावरून दुसरीचे अनुमान करता येत नाही.

पुढील काळात मोंबेलियार व लुडविग्सबुर्ग यांचा संबंध बराच पालटला. सीमेवरील तपासणी गेली, चलन एक झाले, तरुणांस परदेशप्रवासासाठी मंडळाच्या चिटणिसाची गरज उरली नाही. उभय नगरांनी बुर्किना फासोतील काँगूसी परिसराच्या साहाय्याचे काम संयुक्तपणे हाती घेतले. दोघांनी समोरासमोर बसण्याऐवजी तिसऱ्याकडे एकत्र पाहण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल.

लुडविग्सबुर्गच्या शेजारच्या श्टुटगार्टने १९६८ साली मुंबईशी नगरमैत्रीचा संबंध जोडला, आणि जर्मनीतीलच ब्रेमेन व पुणे यांचा संबंध उभा राहिला त्यात नागरिकांच्या मंडळाचा मोठा वाटा होता. औंध येथील ब्रेमेन चौक हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे चिन्ह. या दोन संबंधांत शत्रुत्वाचा पूर्वेतिहास नाही, त्यामुळे वर मांडलेला दुसरा प्रश्न तेथे उद्भवत नाही. परंतु पहिला उद्भवतो, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांस तो हाती घेता येण्याजोगा आहे. महापालिकेच्या ठरावांत कराराची तारीख व सह्या मिळतील. कोण कोणाकडे उतरले, किती दिवस राहिले, शाकाहाराचे कसे जमविले, परतभेट झाली की नाही आणि पत्रे कोणत्या वर्षी थांबली, हे मात्र मंडळांची इतिवृत्ते, यजमानांच्या याद्या आणि ज्या घरांनी पाहुणे उतरवून घेतले त्या घरांतील कपाटे यांतच शोधावे लागेल. ती माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत, तेव्हा मुलाखतींचे काम दप्तरांच्या आधी करावे.